कोंड्याचे एकोणीस बैल

४ ऑगस्ट, सोमवार

हे रद्दीखाना म्हणाले! माझ्या खोलीले! तेही शेजारच्या घनश्यामभाऊंसमोर, चहा पिता पिता.

"रद्दीखाना हाय तो. कापूस आला का खाली करा लागते."

मी कप ठेवून दिला. म्हटलं, अवो, तीन महिने झाले तिथं पोरं येतात, बाया येतात. पिशव्या शिकल्या, आकाशकंदील शिकल्या, लगद्याच्या टोपल्या शिकल्या. याच्या आधी त्या खोलीनं पाह्यलं काय? सहा महिने कापूस अन् सहा महिने उंदीर!

घनश्यामभाऊ म्हणे, "सदाशिवराव, वहिनी बरोबर बोलून राह्यल्या."

झालं! नवऱ्याले दुसऱ्यानं सांगितलेलं लागते. हे म्हणे, "बरं. यंदा तान्ह्या पोळ्यात तुह्या पोट्ट्यायनं गावात नाव काढलं तर ठेव खोली. नाई तं दसऱ्याले झाडून दे."

"ठेवली," म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. आता निभवा.

६ ऑगस्ट, बुधवार

तान्हा पोळा मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पोरं लाकडाचे बैल सजवून पारासमोर आणतात. ज्याच्या बापाची ऐपत त्याचा बैल मोठा. चाकाचा, घोड्याएवढा. ज्याची नाही तो बाजूले उभा.

मागच्या वर्षी ममतानं विटेले दोरी बांधून आणली होती. तांड्यातली बिजलीबाई माझ्याकडे येते ना शिकाले, तिची नात. वीट! लोक हसले. मी पण हसली. घरी आल्यावर मात्र घास उतरला नाही.

म्हणून यंदा ठरवलं, ज्यांच्याकडे लाकडाचा नाही त्या सगळ्यांचे कागदाचे बैल. लगद्याचे. आज पोरं मोजली. एकोणीस!

८ ऑगस्ट, शुक्रवार

घडी नखानं घाला, बोटानं नाही! किती वेळा सांगू? बोटानं घातलेली घडी म्हणजे खोटी शपथ. उघडतेच.

यवतमाळहून निशिगंधाचा फोन. पोरगी कॉलेजात काय गेली, मलेच शिकवते. "आई, वर्कशॉपमध्ये ओरडत नसतात." म्हटलं, तू शिकली तेव्हा मी नव्हती ओरडली काय? म्हणे, "म्हणूनच सांगून राह्यली."

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. पोरींनी सगळ्या कागदाच्या बांधल्या. एकीची तुटली नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बिजलीबाईसोबत भांडण.

रद्दी तीन दिवस भिजली होती. आज उखळात कुटली. आता मेथी पाहिजे. रात्रभर भिजवायची, वाटायची, लगद्यात कालवायची. माझी माय पण तसंच करे. पण एकोणीस बैलांले मेथी किती लागन! अन् रोज रात्री भिजवा, रोज सकाळी वाटा. पोळ्याले दहा दिवस राह्यले. वेळ कोणाले आहे?

मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली अन् लगदा घट्ट व्हावा म्हणून घमेलंभर कोंडा टाकला. गोठ्यातलाच. दोन मिनिटांत मस्त गोळा!

बिजलीबाई कमरेवर हात ठेवून उभी. "इंदूबाई, मेथी कडू असते म्हणून कागद टिकते."

"कडू मीच काय कमी हाय?"

"तू कडू हाय, पण तू लगद्यात नाई ना पडत!"

पोरं खिदळली. मी एकीले उगीच झापलं. बिजलीबाई दिवसभर बोलली नाही, पण काम दोघींएवढं केलं.

१७ ऑगस्ट, रविवार

एकोणीस बैल उभे आहेत! खरं सांगायचं तर चार उभे आहेत, सहा बकऱ्या दिसतात अन् बाकीचे डुकरं. पण पोरायले विचारा! एकानं नाव ठेवलं तुफान. तुफानाले पाठीमागून काडी लावून उभं केलं आहे.

वाळत नाहीत पण. हवेतच पाणी आहे. चुलीजवळ फिरवून फिरवून हात भाजले. निशिगंधा आली, तिनं फोटो काढले. बकऱ्यांचे नाही काढू दिले.

२० ऑगस्ट, बुधवार

रंगले! गेरू, हळद, काजळी. शिंगं पुठ्ठ्याची, वरून बेगड. काय चमकतात! ममतानं तिच्या बैलाच्या गळ्यात विटेची जुनी दोरी बांधली. म्हटलं नवीन घे. म्हणे, नाही, हीच पाहिजे.

हे दारातून डोकावले. आत नाही आले. चपला घालूनच उंबऱ्यावर उभे. "डुक्कर कितीले देल्लं?"

द्या म्हणा टोमणे. तीन दिवसांचे सोबती आहेत तुमचे टोमणे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदशेकणी. बैलांच्या खांद्यांले तूप-हळद लावून शेकलं. हात जोडून म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." आमचा हौशा कान हलवत होता. हौशा मोठा समजदार जनावर आहे.

खोलीचं गोठ्याकडचं दार उघडं ठेवलं. शिंगांजवळचा रंग अजून ओला होता.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

खाल्ले.

सगळे खाल्ले! हौशानं!

पहाटे शेणाले गेली तर दावं मोकळं अन् साहेब माझ्या खोलीत. शांत उभे, रवंथ चालू. तोंडाले हळद. खाली बेगडीची शिंगं. मोजली. सदतीस. अडतिसावं कुठं गेलं ते तोच जाणे. ममताच्या बैलाची दोरी तेवढी खुंटाजवळ पडलेली.

मी काठी उचलली. मागून हे ओरडले, "अवो, पोळा हाय आज!"

पोळ्याले बैलावर हात उचलत नाहीत. काठी खाली ठेवली. वरून हे काय म्हणाले तर, "त्याचं काय चुकलं? कालच तर आवतण देल्लं तू. वरून कोंडाही तूच कालवला."

दार पण मीच उघडं ठेवलं होतं. ते यांनी म्हटलं नाही. मी इथं लिहून ठेवते.

अन् मग दुपारी त्याच हौशाचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. काय ऐटीत खाल्ली! पोट भरलेलं नव्हतं जणू. मी आरती ओवाळत होती अन् मनातल्या मनात त्याले अशा शिव्या देत होती की इथं लिहीत नाही.

बिजलीबाई आली. खोली पाह्यली. मी म्हटलं, बोल, म्हण आता मेथी, मेथी. ती खाली बसली अन् हसायले लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "याडी वं, माय वं! एकोणीस बैल एकाच्या पोटात!" मीही हसली. मग रडली थोडी. मग उठली. रडायले वेळ कोणाले आहे?

ओला कागद एका दिवसात वाळत नाही. पण कोरडा कागद तर आहे! रद्दीच्या नळ्या, पुठ्ठ्याचे खोके, नखाच्या घड्या. ते तर या पोरायले मीच शिकवलं आहे, ओरडून ओरडून! लहान एकोणीस होणार नाहीत. मोठा एक होईल. हत्तीएवढा!

पोळा फुटला, बैल घरोघर परतले, तसं पोरायले निरोप धाडला. आली पुरणपोळीचे हात पुसत. तुफानवाला रडत होता. म्हटलं, रड, पण नळी वळता वळता रड. दुकानादुकानांतून खोके आणले. पाच जणांनी नळ्या वळल्या, चौघांनी पोट बांधलं, पोरींनी झूल. वहीची पानं, जुनी पंचांगं, लग्नाच्या पत्रिका, सगळ्यांच्या घड्या करून एकीत एक अडकवली. नळ्या गुंडाळायले खळ लागली तेव्हा बिजलीबाईनं माझ्याकडे पाहत पाहत तिच्यात मूठभर मेथीचं पीठ टाकलं. मी तोंड फिरवलं.

रात्री उशिरा उभा झाला. अंगणात. काडी न लावता! शिंगं दोन, बेगड सदतिसांची.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

देवा! काय दिवस होता!

मधे मधे लिहीन, जसं आठवन तसं.

एकोणीस पोरं अन् एक बैल. चाकं जुन्या हातगाडीची. बिजलीबाई पुढं, मी मागं, ममताच्या हातात कासरा. तीच विटेची दोरी. पाराजवळ लाकडाचे बैल आधीच रांगेत. वार्निश, घुंगरं, विकतच्या झुली. आमचा आला अन् सगळ्यांच्या माना वळल्या. मग मागून कोणीतरी, "बापा! हा कोणाचा?"

"आमचा!" एकोणीस तोंडं एकदम.

तेवढ्यात झिमझिम. कागद! मी पदर सोडून बैलावर टाकायले निघाली. पदरानं काय झाकते, हत्तीएवढं अंग! पाहते तर मागून ताडपत्री. कापसावरची. एका टोकाले घनश्यामभाऊ, दुसऱ्या टोकाले हे. हात वर करून उभे, पाणी यांच्या बाहीतून आत जाऊन राह्यलं अन् तोंड असं की जणू दुसऱ्याच कामाले आले होते. घनश्यामभाऊ म्हणे, "सदाशिवराव, तुमचा रद्दीखाना भिजन ना!" हे म्हणे, "वर धर ना बे तुह्यं टोक."

मग झडत्या, पोळ्याची गाणी. एक बिजलीबाईनं रात्रीतून जोडली होती, मले सांगितलं पण नव्हतं. तिचा आवाज म्हणजे पाच शेतं ओलांडते!

"कागद भिजवला, कोंडा मळला,
एकोणिसांचा कळप एकानं गिळला,
मंग इंदूबाईनं हत्तीएवढा केला,
हर बोला हर हर महादेव!"

पार दणाणला. मेली, सगळ्या गावाले सांगून टाकलं! पण लोक हसले ते मागच्या वर्षीसारखे नाही हसले. शाळेचे गोपाल सर खाली बसून झूल पाहत होते. एक घडी नखानं उकलून पाहत होते. उकलेना! म्हणे, "ताई, हे कोणी शिकवलं यांना?" मी म्हटलं, "मीच. ओरडून."

पहिला नंबर. लाकडाचे सगळे मागं. वाटीएवढा कप मिळाला, तो एकोणीस घरी एक एक दिवस राहणार आहे. पहिला दिवस ममताचा.

घरी आल्यावर हौशाले दाखवायले नेला कागदाचा बैल. हुंगला. तोंड वाकडं केलं अन् मागं सरकला. मेथी!

बिजलीबाईनं नुसती भुवई वर केली. मी म्हटलं, बरं वो, बरं. तुह्यं खरं.

२५ ऑगस्ट, सोमवार

खोलीचं हे काही बोलले नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

दारव्ह्याहून सहा बाया आल्या, निशिगंधाच्या फोनातले फोटो पाहून. एक मास्तरीण पण होती. मी चौथी, ती एम.ए. अन् घडी घालते बोटानं! म्हटलं, मॅडम, नख! ती घाबरली बिचारी. जाताना पाया पडली. मी आखडून गेली.

गोपाल सर म्हणतात, दर शनिवारी शाळेतली पोरं तुमच्याकडेच पाठवतो, तुमची खोली मोठी आहे.

माझी खोली! दसऱ्यापर्यंत तरी.

यांनी तोंड उघडलं नाही. पैज यांनी लावली, मी जिंकली, आता बोलायचं कोणी? मी विचारणार नाही. मागून घ्यायची सवय नाही मले. बिजलीबाई म्हणते, "विचार ना एकदा." म्हटलं, तू मधे पडू नको.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं दिलं यायले. यांनी घेतलं. "खोली—" म्हणाले अन् तेवढ्यात घनश्यामभाऊ आले आपट्याची पानं घेऊन. मग राह्यलंच.

संध्याकाळी मी सामान बांधलं. रद्दीचे गठ्ठे, उखळ, कात्र्या. कागदाचा बैल तेवढा कुठं न्यावा कळेना. तो उभाच आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिली वेचणी झाली. परवा कापूस येते. गठ्ठे दाराशी लावून ठेवले. शनिवारी येणाऱ्या पोरायले निरोप धाडायचा आहे. आज नाही धाडला. उद्या धाडते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बंडी आली. हमालानं पहिलं गाठोडं पाठीवर घेतलं अन् सवयीनं माझ्या खोलीकडं वळला. हे अंगणातून ओरडले, "अबे, तिकडं कुठी? कापूस बैठकीत टाक, माह्या दिवाणावर. ते शाळा हाय."

मग खोलीत आले. चपला उंबऱ्याबाहेर काढून. गठ्ठे एक एक करून आत ठेवले.

मी आतच होती. उद्यासाठी मेथी भिजत घातली.