कुसाकाकूचा बांध

नाशिक, ११ फेब्रुवारी १९९८

ती. आप्पांना सुवर्णाचा नमस्कार.

मी मजेत आहे. होस्टेलचं जेवण आता पचतं. गुडघ्याला तेल लावता ना?

सध्या आम्हाला अभ्यासाला अमेरिकेचं जुनं साहित्य आहे. तिथंही ढोरं मेली की एखाद्या एकट्या बाईला चेटकीण ठरवायचे. मॅडम म्हणाल्या, पहिलं बोट बऱ्याचदा शेजाऱ्याचंच असायचं.

गावाहून कुंदनदादा येऊन आईचे लाडू देऊन गेला. म्हणाला, आपल्या बागेवर रोग पडला, तर भगतानं तांदूळ पाहून कुसाकाकूचं नाव घेतलं. भगताला आणलं कोणी, असं विचारलं, तर चपला शोधायला लागला.

काकू विधवा, मूलबाळ नाही. तिच्या शेताला बांध फक्त आपलाच. आप्पा, त्या दिवशी भगत जेवला कोणाकडे?

उत्तर आईकडून नको. तुमच्या हातचं हवं.

सुवर्णा