पडवीतला खोकला

कोल्हापूर, १२ डिसेंबर १९७६

आबांना भिमाजीचा जयभीम.

मी बरा हाय. जेवण येळेवर मिळतं. फिल्मचं काम मात्र लई कटकटीचं.

न्हावऱ्यात आईला कांद्याविषयी बोलायला लावून दोन माइक तपासले, त्याच टेपा चार दिवस ऐकतोय. कान ठणकायला लागलेत. आई झकास बोललीय, तिला सांगा.

भारी माइकमधी तिच्या मागं पडवीतला तुमचा खोकला येतो. इचारलं तवा म्हणालात, "धूळ गेली." अर्धा तास धूळ, आबा?

आमच्या फिल्मवाल्या साहेबांनी स्वस्तातला माइक पसंत केला. म्हणाले, "ह्यात म्हातारा ऐकू येत नाही."

मला येतो. शिरूरला डॉक्टरकडं कवा जाताय, तेवढंच लिवा.

तुमचा भिमाजी