रक्त निवळेपर्यंत

आबा, आज तुमची तिथी. गच्चीच्या दारात बसून लिहितेय. एरवी तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे रागाशिवाय काही उरलेलं नाही.

मायच्या अंगावर चट्टे निघाले, कानाच्या पाळ्या जाड झाल्या, तेव्हा मी देवपूरला कॉलेजात होते. धुळ्याच्या डॉक्टरांनी कुष्ठरोग सांगितला, गोळ्यांची पाकिटं सुरू केली आणि औषध लागू पडतंय का ते बघायला मधूनमधून तिचं रक्त घेऊ लागले. रोगाशी लढताना शरीर जे तयार करतं ते रक्तात मोजायचं, अशी ती तेव्हाची नवी तपासणी. आकडा उतरत होता, पण सावकाश. "जंतू मेलेत, आबा," डॉक्टर तुमच्या तोंडावर म्हणाले होते, "शरीर त्यांना इतक्यात विसरत नाही, एवढंच. यांच्यापासून कुणाला काही होणार नाही. घरातलं सगळं करू द्या." तुम्ही मान डोलावलीत. घरी एरंडोलला एस.टी.तून उतरलो आणि तुमचं डोकं फिरलं. "रगतमा आजून शे ना? मंग चुल्हापाशी तिनं काय काम?"

झालं. जिला खापरावरचे मांडे करायला गावातल्या प्रत्येक लग्नात बोलावणं यायचं, पुरणाचा उंडा हातांवर खेळवत जी कोपरापर्यंत पसरवायची, त्या बाईला, स्वतःच्या बायकोला, तुम्ही ओट्यावर बसवलंत. ताट वेगळं, तांब्या वेगळा. रांधायला काकू. मी दर सुट्टीत भांडले, आकडा निम्म्यावर आला म्हणून रिपोर्ट तुमच्या नाकासमोर धरला. तुमचं आपलं एकच, "रोग गया ना, मंग त्या रगत काब लेतस?" अहो, रक्त घेऊन डॉक्टर औषधाची परीक्षा घेत होते, आणि तुम्ही तिची घेत बसलात! बाईचा विटाळसुद्धा चार दिवसांत फिटतो. तुम्ही लावलेला वर्षानुवर्षं फिटेना. आणि ती एका शब्दाने बोलली नाही, याचाही मला संताप येतो.

रक्त निवळल्याचा रिपोर्ट आला तेव्हा तुम्हाला जाऊन महिना झाला होता. मी धावत घरी आले, तिला हाताला धरून उठवलं. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच बसली. पुढे माझ्याकडे राहायला आली तरी तेच. स्वयंपाकघराच्या दारात बसून भाजी निवडून देते, गॅसला हात लावत नाही.

आज सकाळी मी हट्टाने खापर तापवलं. पुरण, कणीक तिच्यापुढे ठेवली. म्हणाली, "नको वं बेटा. त्यासले मना हातनं चालत नही." मी म्हटलं, मग राहू देत उपाशी. बराच वेळ ती हातांकडे बघत राहिली. पहिला मांडा फाटला. दुसरा मात्र कोपरापर्यंत उतरला, बोटं अजून सरळ आहेत तिची. तोच पानावर घालून मी वर आणून ठेवलाय.

कावळे कठड्यावर येऊन बसलेत, शिवत नाहीत. ती खाली जिन्यापाशी उभी राहून, शिवला का, असं दोनदा विचारून गेली. पान ठेवून मी खाली निघून जायला हवं होतं. तुम्ही खा नाहीतर राहा, मला काय त्याचं, असं म्हणत. पण ऊन चढलंय आणि मी इथेच आहे, आबा. तुम्ही खावं असं मला फार वाटतंय.