लाकडाची तिरकी रेषा

३ मार्च
घोट्यात स्टीलची प्लेट, सहा स्क्रू — आणि मी महिनाभर बाबांच्या घरी! डॉक्टर म्हणाले होते, चांगलं स्टील तुटण्याआधी वाकतं, एकदम दगा देत नाही. तेव्हापासून त्या प्लेटवर जीवच जडलाय.
इस्पितळाची कुबडी पाहून बाबांनी आजही नाक मुरडलं. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस! "मूठ प्लॅस्टिकची? ना रेषा, ना गाठ. आगापिछा नसलेली वस्तू! तुला काठी मी करतो."

५ मार्च
दिवसभर रंध्याचा आवाज. किती बरं वाटतं!

८ मार्च
काठी झाली. गुळगुळीत, हलकी. मूठ तळव्यात अशी बसली, जणू माप घेऊनच केली. अंगणभर मिरवून आले.

११ मार्च
काठी मोडली. जिन्यात. कठडा हाती लागला म्हणून निभावलं.
तुकडे घेऊन बसले. लाकडाचे तंतू काठीच्या लांबीने धावायला हवेत, तरच ते सगळे मिळून भार पेलतात. इथे रेषा तिरकी कापली गेली होती. सुताराच्या मुलीला हे दिसतं — मग बाबांना? फळी उजेडात धरून, एक डोळा मिटून रेषा पाहिल्याशिवाय ज्यांनी कधी करवत लावली नाही, त्यांना?
मग एकेक आठवत गेलं. कपाबाहेर सांडणारा चहा. घडीही न मोडलेला पेपर.

१२ मार्च
विचारलं. आधी चिडले. "लाकूडच खोटं निघालं!" मग हळूच — "बोटांना सरळ लागली होती ग."
मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. ठाऊक होतं त्यांना! पण ऑपरेशन नको. "डोळ्यात प्लॅस्टिकचं भिंग बसवतात म्हणे. माझ्या? डोळ्यात?"

१५ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं — आणखी थांबलात तर हाताबाहेर जाईल. घरी आल्यावर मी घोटा त्यांच्यापुढे केला. "हात लावून बघा."
कातडीखालची प्लेट चाचपली त्यांनी. एकेक स्क्रू शोधला. बराच वेळ बोट तिथेच.
"दुखतं?"
"नाही. हाडाने सामावून घेतलंय."
"हं." मग उठता उठता — "भिंग नीट पारखून घ्यायला सांग त्यांना. गाठ नको!"
हसू आणि रडू एकदमच.

२१ मार्च
एका डोळ्याचं झालं! पुरती वीस मिनिटंही लागली नाहीत. बाहेर बसून मी एका अनोळखी माणसाचे आभार मानत होते — कुठेतरी कुणीतरी वाटाण्याएवढं ते भिंग घडवलं असेल ना!

२२ मार्च
डोळ्यावरची पट्टी काढली. बाबा माझ्याकडेच बघत राहिले.
"तुझे केस कधी पांढरे झाले ग?"
सहा वर्षं झाली, बाबा.
सहा वर्षं असल्या डोळ्यांनी करवत चालवत होते! मी त्यांचे हात हातात घेतले, बोटं मोजली. दहा.