तिरडीवर उधळलेली नाणी

मी, नत्थूजी महादेव डेकाटे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वी गांधीबागेत कापडाच्या दुकानी नोकरी, आता घरीच, राहणार सक्करदरा तलावामागे, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी कालच तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता असे विचारले. मी वार सांगितला आणि न विचारता तिथीही सांगितली. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून फसवलेले नाही. गोड तर या घरात वर्षभरात माझ्याशी कोणी बोललेलेच नाही. मी रागात आहे, हे खरे. रागात लिहिलेले मृत्युपत्र रद्द होते का, हे मी वकीलसाहेबांना दोनदा विचारून घेतले. ते म्हणाले, वेड्याचे होते, रागावलेल्याचे होत नाही. म्हणून लिहितो.

वकीलसाहेबांनी मला अर्ध्या पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात सगळे बरोबर होते, पण भांडण कशाचे आहे ते नव्हते. भांडण न सांगता वाटणी लिहिली तर उद्या लोक म्हणतील की म्हाताऱ्याला भ्रम झाला होता. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे. लिहिण्यात चुका असतील, पण त्यांचा फायदा घेऊन कोणी अर्थ फिरवू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी जुने दाखवले तर ते खोटे समजावे.

१. घर. खाली दोन खोल्या व स्वयंपाकघर, वर टिनाची खोली. हे घर मी व माझी मयत पत्नी रुख्मिणी हिने पोटाला चिमटा घेऊन बांधले. वडिलांचा त्यात एक विटेचा तुकडा नाही. ते माझा मुलगा अंकित व माझी मुलगी मयुरा यांना अर्धे अर्धे मिळावे. मयुरा पारशिवनीला सासरी आहे म्हणून तिचा हक्क कमी होत नाही. अंकित एखाद्या दिवशी साडी-चोळी आणि एक कागद घेऊन तिच्याकडे जाईल आणि फक्त सही कर म्हणेल. मयुरा, साडी घे. सही करू नको.

२. बँकेतील शिल्लक. त्यातून आधी माझ्या तेरवीचा खर्च करावा. जेवण साधे करावे. उरेल ते दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे. माझी थोरली बहीण वच्छला हिला मी काहीही देत नाही. तिने तेरवीला यावे, पोटभर जेवावे, परंतु माझ्याविषयी बोलू नये. तिने जे बोलायचे ते रुख्मिणीच्या अंत्ययात्रेत सगळ्या सक्करदऱ्यासमोर बोलून घेतले आहे. ते पुढे येईल.

३. दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज व मोठी कात्री मयुराला. कूलर अंकितला. मात्र कूलरच्या पंपाला त्याने वायसर म्हणून बसवलेला भोकाचा पैसा आधी काढून परत द्यावा. सन १९४३ चा आहे तो. लढाईत तांबे वाचावे म्हणून सरकारने मधे भोक पाडून काढला होता. अंकितला हे तीन उन्हाळे सांगतो आहे. तो म्हणतो, पंप चांगला चालू आहे, कशाला हात लावायचा. हार्डवेअरच्या दुकानात वायसर मिळतात. पोरगा एम.कॉम. आहे.

४. नाणी. आता मुख्य गोष्ट लिहितो. अक्षर बिघडले तरी मजकूर माझाच समजावा.

नाण्यांचा नाद आम्हा दोघांचा होता. लोक समजतात, तो माझा होता आणि ती बिचारी सोसत होती. हे साफ खोटे आहे. दुकानात थानांच्या घड्या घालणाऱ्या माणसाला किती पगार असतो, ते गांधीबागेत कोणालाही विचारा. श्रीमंत लोक एका राजाची सगळी नाणी जमवतात. प्रदर्शनात काचेखाली ठेवतात. आमच्याने ते होणार नव्हते. मी एकदा सारख्या छापाच्या पाच शिवराया स्वस्त मिळाल्या म्हणून घेऊन आलो, तर रुख्मिणीने त्या ताटलीत मांडल्या आणि म्हणाली, "पाच सारख्या घेऊन काय लोणचं घालता का? एका जातीचं एक." तोच आमचा कायदा झाला. चार शिवराया देऊन आम्ही इंदूरचा बैलछाप पैसा घेतला.

त्यानंतर आम्ही तसेच जमवत गेलो. एका जातीचे एक. सोने नाही. चांदी घ्यायची तर ओवायचा कान तुटलेली किंवा कडा कापलेली, कारण तिला गिऱ्हाईक नसते. झिजलेले चालेल, पण त्यावरचे एक तरी अक्षर किंवा चित्र बोटाला लागले पाहिजे. भांड्यांच्या बाजारात मोडीच्या ढिगात हात घालायचा आणि चेहरा कंटाळलेला ठेवायचा. बोहारीण दारावर आली की बाकी बाया जुन्या साड्या देऊन स्टीलचे डबे घेत. रुख्मिणी तिला ओसरीवर बसवून चहा पाजत असे आणि घरोघरून आलेले जुने तांबे दाखव म्हणत असे. कंपनी सरकारचा पाव आणा तिने एका फाटक्या शालूत मिळवला. शालू माझ्या बहिणीने आहेर केलेला होता. वच्छलाचा राग तेव्हापासून असावा.

फसलोही आहोत. भोसल्यांच्या काळचा म्हणून घेतलेला एक रुपया मला अजूनही खात्रीचा वाटत नाही. रात्री आठवला की झोप जाते. पण चारमिनारची निजामाची चवली आहे, पन्नास सालचा घोड्याचा पैसा आहे, आणि सगळ्यात जुने म्हणजे सातवाहनांचे हत्तीचे नाणे. ते पारशिवनीच्या बाजारात मयुराकडे गेलो असताना खिळ्यांच्या ढिगात रुख्मिणीला दिसले. भंगारवाल्याने विचारले, काय आहे? ती म्हणाली, ब्लाउजला बटन पाहून राहिली. त्याने ते मूठभर खिळ्यांवर फुकट दिले. घरी येईपर्यंत तिने मला बोलू दिले नाही. बसमध्ये कोणी ऐकेल म्हणे. दोन हजार वर्षांपूर्वीचे नाणे तिच्या पदराच्या गाठीत होते आणि ती कंडक्टरशी सुट्या पैशांवरून भांडत होती.

ही सगळी नाणी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, मलमलच्या तुकड्यांत गुंडाळून, कपाटात असत. त्यांची किंमत फार नाही. अंकितला मोबाईलवर निरोप येतात की जुने नाणे विका व लखपती व्हा. त्यावर कोणी विश्वास ठेवू नये.

५. झालेला प्रकार. गेल्या फाल्गुनात रुख्मिणी गेली. सकाळी सातच्या आत तिरडी उचलायची होती. लाह्या आणल्या, गुलाल आणला, उधळायला चिल्लर मात्र कोणाकडेच नव्हती. हल्ली चहाचे पैसेसुद्धा लोक मोबाईलने देतात. दुकाने बंद होती. तेव्हा अंकितने कपाट उघडले, डबा काढला आणि मलमल सोडून सगळी नाणी सुपातल्या लाह्यांत ओतली. मी त्या वेळी तिच्या डोक्याशी बसलो होतो. मला कोणी विचारले नाही.

गल्लीच्या तोंडाशी पहिली मूठ उडाली आणि आवाजावरून मला कळले. आताचे रुपये टिणटिण वाजतात. तांबे तसे वाजत नाही. मी खाली पाहिले तर इंदूरचा बैल लाह्यांत पडला होता. मी अंकितला हाक मारली. त्याला वाटले मला रडू आले. कोणीतरी माझा दंड धरला. तलावापर्यंत आम्ही पायी गेलो, पुढे गाडी होती, आणि तेवढ्या वाटेवर हा पोरगा तिच्यावर तिचीच नाणी मुठीमुठीने फेकत गेला. तलावाच्या वळणावर हत्तीचे नाणे पडलेले मला दिसले. मी वाकलो आणि उचलले. प्रेतावरून टाकलेले घरच्याने उचलायचे नसते, हे मला माहीत आहे. मी उचलले. तेवढ्यात तिरडी चार पावले पुढे गेली, मागचे लोक थांबले, आणि वच्छला सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "अरे नत्थू, बायको चालली आन तू पैसे वेचून राहिला?"

हे वाक्य वर्षभर माझ्या मागे फिरते आहे. पानठेल्यावर मी सुटे मागितले तरी लोक एकमेकांकडे पाहतात. व्याह्यांपर्यंत गेले. अंकितला मी विचारले, काहून केलं असं? तो म्हणाला, "बंद पडलेले पैसे होते बाबा. आईवर टाकाले कोणी चालू-बंद पायते का?" त्याचे उत्तर आता देतो. अंकित, ती तुझ्या आईची कमाई होती. तू शाळेत होतास तेव्हा तिने स्वतःला चप्पल न घेता ती गोळा केली. मी पैसे वेचत नव्हतो. मी तिला वेचत होतो. तुला आणि तुझ्या आत्याला हे समजत नसेल तर मी जिवंतपणी पुन्हा समजावणार नाही.

६. तलावाच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या सिंधूताई रुख्मिणीच्या मैत्रीण. अंत्ययात्रा पुढे गेल्यावर त्यांनी रस्ता वाकून वाकून पाहिला, नालीच्या कडेला हात घातला आणि मिळाली तेवढी नाणी गोळा केली. काही लोकांनी नेली, काही टायरला चिकटून कुठे गेली देव जाणे. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी त्या ओल्या फडक्यात बांधून ती घेऊन आल्या. माझी सून रितिका हिने दारात हात आडवा लावला. प्रेतावरचे घरात घ्यायचे नाही, घरात लहान लेकरू आहे, म्हणाली. आतून वच्छलाने दुजोरा दिला. अंकित मोबाईल पाहत होता. मी उठेपर्यंत सिंधूताई पायरी उतरल्या होत्या. उतरताना त्या जे बोलल्या ते मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो: "माझ्या सासऱ्यानं छप्पनमध्ये दीक्षा घेतली. तवापासून आमच्या घरी इटाळ नाही राहत. तुमच्या घरी जागा होईस्तोर माझ्या घरी राहीन ते."

तेव्हापासून ती नाणी भाजीवालीच्या घरी आहेत आणि माझ्याजवळ डब्यात एक हत्ती आणि सुपाच्या तळाशी उरलेली थोडी आहेत. वाटेत उचललेला हत्ती मी घरात आणून डब्यात ठेवला, हे रितिकाला माहीत नाही. आता कळेल.

मी गेल्या महिन्यात दोन्ही मुलांना विचारले. अंकित म्हणाला, ठेवा बाबा, पण वरच्या टिनाच्या खोलीत, घरात नको. मयुरावर माझा भरवसा होता. ती म्हणाली, "बाबा, घरातली देता तर मी घेऊन जातो, पण रस्त्यावरची सासू नाही ठेवू देणार." तू रडलीस, मयुरा, ते मी पाहिले. तरी तू दोन ढीग केलेस, हेही पाहिले.

७. म्हणून असे ठरवतो. डबा एकच राहील. माझ्या तेरवीच्या दिवशी जेवणे झाल्यावर तो सर्वांसमोर ठेवावा. आधी मयुराला विचारावे, मग अंकितला. जो तो स्वतःच्या हाताने उचलेल आणि घरात, माणसे राहतात त्या खोलीत ठेवीन असे म्हणेल, त्याला तो संपूर्ण मिळावा. पायरी, गोठा, टिनाची खोली चालणार नाही. बँकेचे लॉकरही नाही. निवडून घेता येणार नाही. वितळवू नये, लॉकेट करू नये, चिंच किंवा पितांबरी लावून घासू नये. जमल्यास भर घालावी, पण एका जातीचे एकच. दोघांनीही नाही म्हटले तर डबा सिंधूताईंचा. त्यांना डबा मिळू शकतो, म्हणून वकीलसाहेबांच्या सल्ल्याने मी त्यांची साक्षीदार म्हणून सही घेतलेली नाही.

८. आज सही करण्यापूर्वी घडलेली गोष्ट नोंदवून ठेवतो. मी बोलावल्यावरून सिंधूताई त्यांच्याकडची नाणी घेऊन आल्या आणि सवयीने पायरीखाली थांबल्या. रितिका दारात होती. मी तिला बाजूला हो म्हणालो नाही. मी स्वतः पायरी उतरलो, फडके हातात घेतले आणि तिच्यासमोरून आत आलो. सिंधूताईंनाही आत बोलावले आणि खुर्चीवर बसवले. दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी फडके डब्यात रिकामे केले. मलमलचे तुकडे सोडून टाकले. मग डब्याला झाकण लावून तो बराच वेळ हलवला. आवाजाने अंकित आतल्या खोलीतून बाहेर आला. काय करता बाबा, म्हणाला. मी हलवत राहिलो.

आमच्या नाण्यांची यादी नाही. फोटो नाहीत. नवेकोरे नाणे घ्यायची आमची ऐपत कधी नव्हती, त्यामुळे ती सगळीच झिजलेली, सगळीच चेपलेली आहेत. हत्ती आणि बैलाचे मी वर सांगितले. बाकी कोणते शंभर-दोनशे वर्षे हातांनी झिजले आणि कोणते गेल्या फाल्गुनात ट्रकखाली गेले, कोणते कपाटातले आणि कोणते तिच्या अंगावरून पडलेले, हे सांगू शकणारी दोनच माणसे होती. एक गेली. दुसरा सांगणार नाही. डबा आता घरात, मी झोपतो त्या खोलीत आहे. ज्याला विटाळाची निवडायची असतील त्याने निवडून दाखवावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्यासमोर प्रत्येक पानावर सही केली. सही कोणी नाकारू नये म्हणून शेजारी डाव्या हाताचा अंगठाही लावला आहे.

ठिकाण : सक्करदरा, नागपूर
तारीख : ७ फेब्रुवारी २०२५

(सही व अंगठा)
नत्थूजी महादेव डेकाटे

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना व डबा हलवताना पाहिले :

१. (सही) कृष्णकांत बालाजी ठवकर, शेजारी

२. (सही) जया विठोबा निखाडे, शेजारी