हर्षदकाका, पहिल्या सोसायटीत लिफ्ट आली

प्रिय हर्षदकाका,

जय श्रीकृष्ण. पत्र मराठीतच लिहितेय. गुजरातीतही लिहिता आलं असतं, पण तुम्हीच म्हणायचात ना, "मृणाल, तू गुजराती बोलतेस तेव्हा मला ऑफिसात बसल्यासारखं वाटतं, मराठी बोलतेस तेव्हा घरी"?

काल कारेलीबागेत आपल्या पहिल्या सोसायटीच्या नव्या इमारतीच्या किल्ल्या दिल्या. तुम्ही आणि बाबांनी पहिला पाया खणला होता, त्याच जागेवर. जुनी इमारत पाडली तेव्हा तुम्ही समोर खुर्ची टाकून बसला होतात. नवी उभी राहायच्या आधीच निघून गेलात! एवढी काय घाई होती काका? आता झालं ते सगळं मलाच सांगायला हवं.

फीत बाबांनी कापायची असं ठरलं होतं. त्यांनी कात्री रमाकाकींच्या हातात दिली. म्हणाले, "रमाबेन, हर्षदच्या वतीने."

काकी म्हणाल्या, "त्यांच्या वतीने कशाला? कंपनीत नाव माझं छे, माझ्याच वतीने कापीश!"

आणि कापलीसुद्धा. लोक किती हसले! तुम्ही असतात तर सगळ्यात मोठ्यांदा हसला असतात.

खरंच, कंपनीचं 'मालरमा' हे नाव कोणाला सुचलं होतं? आईचं मालती आणि काकींचं रमा. पहिली काही वर्षं लोक विचारायचे, ही कुठली देवी? आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचात, "दोन देव्या आहेत. दोघी घरी बसून आमच्यावर नजर ठेवतात."

बाबा रेल्वेत इंजिनियर आणि तुमचं पाणीगेटला पाइप-नळांचं दुकान. क्वार्टरच्या दुरुस्तीसाठी बाबा पाइप घ्यायला आले आणि तासभर बांधकामावर बोलत राहिले. शेवटी तुम्ही वैतागून म्हणालात, "साहेब, आटलुं बधुं समजो छो तो जाते ज बांधो ने!" एवढं कळतंय तर स्वतःच बांधा! बाबांनी ते मनावर घेतलं. रेल्वेतल्या मित्रांना एकत्र राहायचं होतंच, त्यांचीच ही पहिली सोसायटी. तुम्ही दुकान भावाकडे सोपवलंत, बाबांनी पक्की नोकरी सोडली.

आई बाबांशी बोलेना. तेव्हा तुम्ही काकींना घेऊन आमच्याकडे आलात. डभोईहून, तुमच्या गावाहून, आणलेली ताजी तूरशेंगांची पिशवी आईसमोर ठेवलीत आणि म्हणालात, "भाभी, वसंतभाईने नोकरी माझ्या भरवशावर सोडली. इमारत उभी नाय राहिली तर ते दुकानात बसतील आणि मी दारात." आई हसली नाही, पण शेंगा सोलायला घेतल्या. बाबा म्हणतात, कंपनी त्या संध्याकाळी सुरू झाली.

एक तक्रार मात्र आहे. बाबांनी त्या पहिल्या इमारतीच्या नकाशात लिफ्टची जागा ठेवली होती. ती तुम्ही खोडायला लावलीत! "तीन माळ्यांना लिफ्ट? दादर चढशो तो घूंटण सारा रहेशे!" जिने चढलात तर गुडघे चांगले राहतील म्हणे! आणि राहायला गेलात कुठे, तर तिसऱ्या माळ्यावर. पुढे तुमचेच गुडघे गेले. नवे बंगले बांधलेत, तळमजल्याचे फ्लॅट बांधलेत, पण स्वतः हलला नाहीत. शेवटी खुर्चीत बसवून खाली आणावं लागायचं. तेव्हाही जिन्याच्या वळणावर म्हणायचात, "वसंतभाईला सांगू नको, तो बरोबर होता." अहो, त्यांना दिसत नव्हतं का?

तुमचं दोघांचं एकदाच खरं बिनसलं. तुम्हाला नदीच्या बाजूच्या सखल जमिनीवर मोठी स्कीम करायची होती, बाबा नको म्हणत होते. तुम्ही ऐकलं नाहीत, बाबा कंपनीतून बाहेर पडले. दिवाळीचा फराळ यायचा-जायचा, पण डबा घेऊन येणाऱ्या आई आणि काकीच. तुम्हा दोघांना एकमेकांची चौकशी बायकांकडे करताना लाज कशी वाटली नाही?

मग विश्वामित्रीला पूर आला. मी तेव्हा इंजिनियरिंग कॉलेजात होते. बाबांनी रेडिओवर ऐकलं आणि चपला न घालताच निघाले. मी मागोमाग. तुमच्या स्कीमच्या तळमजल्यांत कमरेएवढं पाणी, कोणाच्या गाद्या तरंगतायत, आणि जिन्यात माणसांनी तुम्हाला घेरलेलं. एक जण ओरडत होता, "शेठ, घर विकलंत, आता हे पाणीपण तुम्हीच प्या!" तुम्ही खाली मान घालून उभे. मी तुम्हाला तसं कधी पाहिलं नव्हतं.

बाबा पाण्यातून पुढे गेले. "मला विचारा. मीही मालरमाचाच."

तुम्ही दचकून वर पाहिलंत. "वसंतभाई, तू तर कंपनी सोडली ना?"

"मी सोडली. मालतीचं नाव कुठे सोडलंय?"

काका, तुम्ही भर जिन्यात, सगळ्यांसमोर रडलात. आणि रडता रडताच तोडगा काढलात, तोही असा की बाबा बघतच राहिले. वरच्या मजल्यांवरचे न विकलेले फ्लॅट तळमजल्याच्या लोकांना द्यायचे आणि खालचा मजला मोकळा, नुसती पार्किंग. त्या स्कीममध्ये कंपनीला काही उरलं नाही. पण नंतर बडोद्यात आपल्याला कधी जाहिरात द्यावी लागली का?

जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाची बैठक आठवते? बाहेरचा बिल्डर मोठ्या खोल्या देत होता. तुम्ही उठून म्हणालात, "माझी शरम धरू नका, चांगलं देईल त्याला द्या." तळमजल्याच्या कुसुममावशींनी तुम्हाला खाली बसवलं. "पुरात उभा राहिला त्यालाच देणार. हर्षदभाई, तुम्ही चूप!" सगळ्यांनी हात वर केले.

आता लिफ्ट आहे. मोठी, खुर्ची मावेल अशी. काल सगळी म्हातारी मंडळी त्यातून वर-खाली करत होती, पोरांना पाळीच मिळेना!

आणि सांगायचं राहिलंच. तुमची नात ख्याती आर्किटेक्ट झाली, या सोमवारपासून आपल्या ऑफिसात माझ्याबरोबर काम करतेय. पहिल्याच दिवशी खिडक्यांवरून बाबांशी अर्धा तास वाद घातलान. म्हणे, "वसंतदादा, तुमच्या खोल्यांत वारा शिरतो पण निघत नाही." माझ्यावरही आवाज चढवलान. बाबा घरी आले ते इतके खूश की आईने विचारलं, काय झालं? म्हणाले, "हर्षद परत आला, मालती. या वेळी डिग्री घेऊन."

काका, तिचं सगळंच मला पटेल असं नाही. पण वचन देते, तिच्याशी मनापासून भांडेन, आणि भांडण कितीही मोठं झालं तरी त्या दिवशी तिला जेवल्याशिवाय घरी जाऊ देणार नाही.

तुमची,
मृणाल