अजिंठ्याचा बेत

कोसाड, सुरत
१९९६

प्रज्ञेशभाऊजी,
सप्रेम जयभीम.

लूमवरचं काम सुटल्यापासून तुमचे भाऊ धड जेवत नव्हते, बोलत नव्हते. आता एकाएकी अजिंठ्याला निघालेत, तेही एकटेच. लेणी नकोत, वाघूरच्या दरीवरचा कडा बघायचाय म्हणतात. काल हातातलं घड्याळ पोरीला देऊन टाकलं. मला फार भीती वाटते, भाऊजी. काहीही करून या, त्यांना थांबवा.

एवढं लिहिलं आणि मागे उभं राहून त्यांनीच ते वाचलं. मी विचारलं, "परत येणार होता ना?"

ते म्हणाले, "नव्हतो. मला एकट्याला सोडू नकोस."

आता पत्र पोचेपर्यंत मला थांबवत नाही. त्यांचा हात धरून मीच तुमच्या दारी येते.

तुमची वहिनी,
सुकेशनी